हिमवर्षाव दिवे

हिमवर्षाव दिवे हे बर्फ पडत असल्याचा आभास निर्माण करणारे शोभेचे विद्युत दिवे होत. नाताळाच्या काळात घराबाहेरील, चौकांतील व उद्यानांतील नाताळवृक्षांवर आणि इतर झाडांवर ते लावले जातात. त्यांच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात पारदर्शक नळीमध्ये एलईडींची उभी रांग असते. हे एलईडी वरून खाली एकामागून एक उजळतात व मंद होतात, त्यामुळे प्रकाशाचा एक ठिपका शेपटीसह खाली घरंगळत असल्यासारखे दिसते. दिव्यात प्रत्यक्ष हलणारा कोणताही भाग नसतो.

घराबाहेरील वापरासाठी या दिव्यांची निवड दोन अंगांनी केली जाते. पहिले अंग परिणामाचे असते. त्यात झाडाचा आकार, नळीची लांबी, नळ्यांची संख्या, गती, रंग आणि पाहणाऱ्याचे अंतर यांचा विचार होतो. दुसरे अंग टिकाऊपणाचे व सुरक्षिततेचे असून त्यात पाण्यापासून संरक्षण, विद्युतदाब, तारा, जोड आणि गळतीरोधक यंत्रणा यांचा समावेश होतो. एकाच संचाचा परिणाम एका झाडावर उत्तम आणि दुसऱ्यावर अगदी फिका दिसू शकतो. त्यामुळे दिव्यांच्या गुणवत्तेइतकाच झाडाशी त्यांचा मेळ महत्त्वाचा ठरतो.

नावे

इंग्रजी भाषक देशांत हे दिवे ‘स्नोफॉल लाइट्स’ किंवा ‘मेटिऑर शॉवर लाइट्स’ या नावांनी विकले जातात. दुसऱ्या नावाचा अर्थ उल्कावर्षाव दिवे असा होतो. दोन्ही नावे बहुधा एकाच प्रकारच्या नळ्यांना लावलेली आढळतात. ‘आइसिकल लाइट्स’ म्हणजे छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांसारख्या माळा हा वेगळा प्रकार आहे. त्या सहसा स्थिर प्रकाश देतात, मात्र काही आइसिकल माळांतही प्रकाश वरून खाली सरकण्याची सोय असते. भारतीय बाजारांतही बव्हंशी इंग्रजी नावेच रूढ आहेत.

पार्श्वभूमी

नाताळवृक्षावर मेणबत्त्या लावण्याची प्रथा जर्मन भाषक प्रदेशांतून इतरत्र पसरली. वाळत चाललेल्या सूचिपर्णी फांद्यांवर उघड्या ज्योती लावल्याने आगीचा धोका मोठा होता. विद्युत दिव्यांमुळे या प्रथेला सुरक्षित पर्याय मिळाला. थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या घरी तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या ८० लहान दिव्यांनी झाड सजविले. विद्युत दिव्यांनी सजविलेला हा पहिला नाताळवृक्ष मानला जातो. हे झाड विजेच्या साहाय्याने स्वतःभोवती फिरत असे आणि फिरताना दिव्यांचे गट आळीपाळीने पेटत व विझत. म्हणजेच विद्युत रोषणाईत गतीचा परिणाम साधण्याचा प्रयत्न अगदी आरंभापासून झालेला दिसतो.

घराबाहेरील मोठ्या वृक्षांची सार्वजनिक रोषणाई विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. २४ डिसेंबर १९२३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी वॉशिंग्टन येथे पहिल्या राष्ट्रीय नाताळवृक्षाचे दिवे प्रज्वलित केले. त्या झाडावर २,५०० दिवे होते. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर सेंटर येथे १९३३ पासून दरवर्षी वृक्ष उजळण्याचा औपचारिक समारंभ होतो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७ पासून ऑस्लो शहराकडून भेट म्हणून येणारा नॉर्वे स्प्रूस वृक्ष उभारला जातो. नॉर्वेच्या पद्धतीनुसार त्याच्यावरील दिव्यांच्या माळा झाडाभोवती न गुंडाळता वरून खाली सरळ सोडलेल्या असतात.

तंतूच्या दिव्यांच्या काळात घरगुती माळांना पडत्या बर्फाचा सूक्ष्म परिणाम देणे कठीण होते. तंतू तापण्यास व थंड होण्यास वेळ लागतो, प्रत्येक दिव्याला पुष्कळ वीज लागते आणि अनेक दिव्यांचे स्वतंत्र नियंत्रण खर्चिक असते. एलईडीमुळे हे चित्र बदलले. निळा प्रकाश देणाऱ्या कार्यक्षम एलईडीच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रकाशाचे प्रस्फुरक द्रव्य चढवून पांढरा प्रकाश मिळविता येतो. बहुतेक पांढरे शोभेचे दिवे याच तत्त्वावर चालतात. रॉकफेलर सेंटरच्या वृक्षावर २००७ पासून एलईडी वापरले जातात.

रचना आणि कार्य

एका संचात सामान्यतः ८ किंवा १० नळ्या एका मुख्य तारेला ठरावीक अंतराने जोडलेल्या असतात. नळ्यांची लांबी ३० सेंटीमीटर, ५० सेंटीमीटर किंवा ८० सेंटीमीटर अशी मिळते. नळी पारदर्शक प्लॅस्टिकची असून तिच्या आत अरुंद परिपथ-पट्टी असते. पट्टीच्या एका किंवा दोन्ही बाजूंना एलईडी बसविलेले असतात. दोन्ही बाजूंना एलईडी असलेली नळी वाऱ्याने फिरली, तरी प्रकाश दिसत राहतो. एकाच बाजूची नळी उलट फिरली की तिचा परिणाम नाहीसा होतो.

नळीतील नियंत्रक चकती एलईडींना क्रमाने वीज देते. सर्वांत पुढचा एलईडी पूर्ण तेजाने उजळतो, तर मागचे एलईडी उतरत्या तेजाने प्रकाशतात. तेजातील हा उतार एलईडी अतिशय जलद चालू-बंद करून साधला जातो. चालू राहण्याचा काळ जितका कमी, तितका प्रकाश मंद भासतो. अनेक संचांत प्रत्येक नळीचा नियंत्रक स्वतंत्र असतो. त्यांच्या वेळेतील किरकोळ फरकामुळे काही मिनिटांतच नळ्या एकमेकींपासून पुढेमागे होतात. हा फरक दोष नसून परिणामाला उपकारकच ठरतो, कारण सर्व ठिपके एकाच क्षणी निघाल्यास बर्फाऐवजी यंत्राची उघडझाप डोळ्यांत भरते.

स्थिर दिव्यांतून दिसणारी ही हालचाल म्हणजे आभासी गती होय. शेजारशेजारचे दोन दिवे अल्प अंतराने एकामागून एक उजळले, तर मेंदू त्यांना एकाच हलत्या वस्तूच्या दोन जागा समजतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेला अभ्यास समष्टी मानसशास्त्राच्या पायाभूत लेखनात गणला जातो. चित्रपट आणि धावत्या अक्षरांचे फलक हेही आभासी गतीवरच आधारलेले आहेत.

प्रकार

नळ्यांचे संच: हा सर्वांत सोपा व प्रचलित प्रकार आहे. त्यात वेगळी आज्ञावली लिहावी लागत नाही. संचाला वीज दिली की दिवे चालू होतात. नळ्या समांतर जोडलेल्या असल्यास एक नळी बिघडली तरी बाकीच्या चालू राहतात.

आज्ञावलीबद्ध माळा: यांत प्रत्येक दिव्याचा रंग व तेज स्वतंत्रपणे ठरविता येते. डब्ल्यूएस२८११ यांसारख्या नियंत्रक चकत्या तांबड्या, हिरव्या व निळ्या या तिन्ही रंगांचे प्रत्येकी २५६ स्तर देतात. अशा माळा झाडावर वरून खाली सोडून संपूर्ण झाडावर बर्फ उतरत असल्याचा परिणाम साधता येतो. त्यासाठी नियंत्रक, संगणकीय आज्ञावली आणि दिव्यांच्या जागांची नोंद आवश्यक असते. खर्च व श्रम दोन्ही अधिक लागतात.

प्रक्षेपक: यात दिव्यासमोर फिरणाऱ्या छिद्रांच्या तबकडीतून किंवा भिंगांतून पांढरे ठिपके समोरच्या पृष्ठभागावर टाकले जातात. फिकट रंगाच्या भिंतीवर हा परिणाम चांगला दिसतो. गडद हिरव्या सूचिपर्णी झाडावर मात्र बराच प्रकाश शोषला जातो व उरलेला फांद्यांच्या खोल सावल्यांत विखुरतो. त्यामुळे झाडासाठी प्रक्षेपक क्वचितच पुरेसा ठरतो.

लेसर प्रक्षेपक: हे तेजस्वी, पण बहुधा हिरव्या किंवा तांबड्या रंगाचे असतात. त्यामुळे बर्फाचा आभास दुय्यम राहतो. झाडावरून निसटलेले किरण आकाशात जाऊन वैमानिकांच्या डोळ्यांना त्रास देऊ शकतात. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने याबाबत नागरिकांना सावध केले आहे.

निवडीचे निकष

वृक्षाचा प्रकार

नळी मोकळी लोंबली तरच प्रकाश सरळ खाली उतरताना दिसतो. युरोप व उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात पाने गळालेल्या पानझडी वृक्षांच्या फांद्या उघड्या असतात. त्यांवरून ८० सेंटीमीटरच्या नळ्याही निर्वेध सोडता येतात. म्हणून हिमवर्षाव दिव्यांचा सर्वांत ठळक परिणाम पुष्कळदा नाताळवृक्षावर न दिसता रस्त्याकडेच्या निष्पर्ण झाडांवर दिसतो.

स्प्रूस व फर यांसारखी शंकूच्या आकाराची झाडे दाट असतात. वरच्या फांदीवरून सोडलेली नळी खालच्या फांदीवर टेकून तिरपी होते किंवा पानांत अर्धी झाकली जाते. अशा झाडावर नळी फांदीच्या टोकाजवळ बांधावी लागते. वरची फांदी आणि तिच्याखालची फांदी यांतील मोकळे अंतर मोजून नळीची लांबी ठरविणे, हा या बाबतीतील मुख्य नियम मानता येतो.

नळीची लांबी व पाहण्याचे अंतर

शंकूच्या आकाराच्या झाडात शेंड्याकडे फांद्या आखूड व जवळजवळ, तर खालच्या भागात लांब व विरळ असतात. त्यामुळे शेंड्याजवळ ३० सेंटीमीटरच्या आणि खाली ५० सेंटीमीटरच्या नळ्या अशी मिश्र योजना एकाच मापाच्या नळ्यांपेक्षा अधिक सुसंगत दिसते.

पाहणारा किती दूर आहे यावरही लांबी अवलंबून असते. ३० सेंटीमीटरची नळी सुमारे ३४ मीटर अंतरावरून अर्ध्या अंशाएवढी, म्हणजे आकाशातील पूर्णचंद्राच्या रुंदीएवढी भासते. याहून दूर तिच्यातील गती जेमतेम लक्षात येते. अंगणातील झाड घराच्या खिडकीतून पाहायचे असल्यास आखूड नळ्या पुरतात. मोठ्या चौकातील किंवा रुंद रस्त्यापलीकडून दिसणाऱ्या झाडाला लांब नळ्या अथवा आज्ञावलीबद्ध माळा आवश्यक ठरतात. जवळून पाहताना याउलट अडचण येते. एलईडींमधील अंतर मोठे असेल, तर ठिपका वाहत न जाता उड्या मारत जात असल्यासारखा दिसतो. त्यामुळे जवळच्या झाडासाठी एकाच लांबीत अधिक एलईडी असलेली नळी श्रेयस्कर असते.

नळ्यांची संख्या

संख्येचा अंदाज झाडाच्या बाह्य पृष्ठभागावरून बांधता येतो. उदाहरणार्थ, ३ मीटर उंचीच्या आणि तळाशी १.८ मीटर व्यास असलेल्या शंकूच्या आकाराच्या झाडाचा पृष्ठभाग सुमारे ८.९ चौरस मीटर भरतो. दर चौरस मीटरला ३ नळ्या धरल्यास सुमारे २७ नळ्या, म्हणजे ८ नळ्यांचे ४ संच लागतील. झाड भिंतीलगत असून एकाच बाजूने दिसत असेल, तर २ संच पुरतील. झाडावर आधीच स्थिर दिव्यांच्या माळा असतील, तर नळ्यांची संख्या कमी ठेवली जाते. पडता बर्फ उठून दिसण्यासाठी त्याभोवती काही अंधार असावा लागतो.

गती व क्रम

निसर्गात हिमकण साधारणतः सेकंदाला १ मीटर या वेगाने खाली येतात. मोठे पर्जन्यबिंदू सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतात. या हिशेबाने ५० सेंटीमीटरच्या नळीत ठिपक्याने खाली पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद घेतल्यास तो हिमकणाच्या वेगाशी जुळतो. याहून बऱ्याच जलद चालणाऱ्या नळ्या बर्फाऐवजी पावसाची किंवा उल्कांची आठवण देतात. वेग बदलण्याची सोय असलेला संच म्हणूनच अधिक उपयुक्त असतो. क्रम अनियमित असणे आणि दोन थेंबांमध्ये थोडा विराम असणे हीही चांगल्या संचाची लक्षणे होत.

रंग

थंड पांढरा प्रकाश, म्हणजे ज्याचे रंगतापमान सुमारे ६,००० ते ६,५०० केल्विन असते, तो बर्फाशी सर्वाधिक मिळताजुळता मानला जातो. सुमारे २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर पांढरा प्रकाश मेणबत्तीच्या उबेची आठवण देतो. एकाच झाडावर पिवळसर स्थिर माळा आणि थंड पांढऱ्या पडत्या नळ्या असा संयोग केल्यास बर्फ व दिवे वेगवेगळे ओळखू येतात. निरनिराळ्या वेळी घेतलेल्या संचांतील ‘पांढरा’ रंग सारखा नसू शकतो. त्यामुळे एका झाडासाठी लागणारे सर्व संच एकत्र घेऊन आधी पेटवून पाहणे सोयीचे असते.

पाण्यापासून संरक्षण

घराबाहेरील दिव्यांच्या निवडीत आयपी अंक महत्त्वाचा असतो. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या ६०५२९ या मानकानुसार त्यातील पहिला अंक घन वस्तू व धूळ यांपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो.

आयपी२०: पाण्यापासून संरक्षण नाही. फक्त घरातील कोरड्या जागेसाठी.

आयपी४४: १ मिलिमीटरहून मोठ्या घन वस्तूंपासून व कोणत्याही दिशेने उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. शोभेच्या बाह्य दिव्यांवर हा अंक वारंवार आढळतो.

आयपी६५: धुळीपासून पूर्ण संरक्षण व पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. वारा-पावसाच्या उघड्या जागेसाठी अधिक योग्य.

आयपी६७: धुळीपासून पूर्ण संरक्षण व १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तात्पुरते बुडाल्यास संरक्षण.

हा अंक नेमका कोणत्या भागाला लागू आहे, हे पाहणे आवश्यक असते. नळ्या आयपी६५ दर्जाच्या, पण अ‍ॅडॉप्टर केवळ घरातील वापराचा, अशी जोडी बाजारात आढळते. अशा संचाचा अ‍ॅडॉप्टर बाहेर ठेवता येत नाही. नळीचे वरचे तोंड, खालचे बूच आणि तारांचे जोड ही पाणी शिरण्याची नेहमीची ठिकाणे होत. रबरी कडे व आट्यांचे झाकण असलेले जोड साध्या दाबून बसविलेल्या जोडांपेक्षा अधिक टिकतात.

वीजपुरवठा

बहुतेक नळ्यांचे संच अ‍ॅडॉप्टरमार्फत कमी विद्युतदाबावर चालतात. तार कापली गेली किंवा नळी फुटली, तरी कमी दाबामुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका बराच कमी होतो. झाडाखाली मुले वावरत असतील, तर असा संच निवडणे विशेष महत्त्वाचे असते. थेट मुख्य पुरवठ्यावर चालणाऱ्या संचांत झाडावरील तारांतही पूर्ण दाब असतो.

विद्युतदाब कमी असल्याचा एक तोटाही आहे. लांब तारेत दाब घटतो. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेने २० मीटर अंतरावर ०.५ अँपिअर धारा नेल्यास जाण्यायेण्याच्या मार्गात सुमारे ०.७ व्होल्ट दाब खर्च होतो. २४ व्होल्टच्या संचात तो नगण्य आहे. तीच तार ५ व्होल्टच्या आज्ञावलीबद्ध माळेला २ अँपिअर धारा देण्यास वापरल्यास सुमारे २.८ व्होल्ट म्हणजे निम्म्याहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. परिणामी माळेच्या टोकाकडील दिवे मंद होतात व पांढऱ्याऐवजी तांबूस दिसू लागतात. म्हणून झाड वीजस्रोतापासून दूर असल्यास अधिक दाबाचा संच किंवा जाड तार निवडावी लागते.

देशोदेशीचा मुख्य विद्युतदाबही वेगळा असतो. अमेरिकेत तो १२० व्होल्ट, तर भारतात २३० व्होल्ट आहे. परदेशातून आणलेल्या संचाच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असा उल्लेख असल्यास तो योग्य प्लग लावून दोन्हीकडे चालतो. केवळ १२० व्होल्टचा संच भारतात थेट जोडल्यास तो जळतो.

सौर संचांना तारेची गरज नसते. तथापि नाताळ उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवसांच्या काळात येतो. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये दिवस सुमारे ८ तासांचा, तर ऑस्लोमध्ये सुमारे ६ तासांचा असतो. ढगाळ आकाश आणि थंडीने घटणारी विद्युतघटाची क्षमता यांमुळे तेथे सौर दिवे संध्याकाळीच मंदावतात.

मांडणी

दिवे झाडावर चढविण्यापूर्वी जमिनीवर पसरून पेटवून पाहिले जातात. नळ्या एकाच रेषेत न लावता वेगवेगळ्या उंचीवर बांधल्याने हिमवर्षाव नैसर्गिक वाटतो. नळी तिच्या वरच्या तारेच्या भरवशावर न सोडता, तार फांदीला मऊ पट्टीने बांधली जाते. त्यामुळे वाऱ्यात जोडावर ताण येत नाही. जिवंत झाडाला खिळे ठोकणे किंवा तारेचे घट्ट वेढे देणे टाळले जाते. खोडाच्या वाढीबरोबर असे वेढे सालीत रुततात.

मुख्य तार प्लगकडे जाण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला जातो. तारेवरून ओघळणारे पाणी या झोळाच्या तळाशी गळून पडते व प्लगपर्यंत पोहोचत नाही. जोड जमिनीपासून उंच ठेवणे बर्फ वितळण्याच्या दिवसांत विशेष गरजेचे असते. अतिथंड प्रदेशांत पीव्हीसीचे आवरण कडक होऊन वाकवताना तडकते. तेथे रबरी आवरणाच्या तारा वापरल्या जातात.

सुरक्षितता

शोभेच्या माळांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचे ६०५९८-२-२० हे मानक आहे. अमेरिकेत यूएल ५८८ हे मानक वापरले जाते. तेथील यूएलच्या चकाकत्या चिठ्ठीचा तांबडा रंग घराच्या आत व बाहेर दोन्हीकडे वापरण्याची, तर हिरवा रंग केवळ घरात वापरण्याची मुभा दर्शवितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार सणासुदीची तात्पुरती विद्युत जोडणी ९० दिवसांहून अधिक काळ ठेवता येत नाही. हिवाळा सरला तरी झाडावर तशाच राहिलेल्या माळांची आवरणे ऊन व दंव यांनी खराब होतात, हे अशा मर्यादेमागील एक व्यावहारिक कारण सांगता येते.

बाहेरच्या जोडणीवर गळतीरोधक स्विच असणे हा सर्वांत महत्त्वाचा उपाय होय. जाणाऱ्या व परतणाऱ्या धारेत फरक पडताच हा स्विच पुरवठा तोडतो. युरोपात व भारतात व्यक्तींच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा, तर अमेरिकेत सुमारे ५ मिलिअँपिअरवर तुटणारा स्विच वापरला जातो. साधा फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो, पण ओल्या जागी उभ्या असलेल्या माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवू शकत नाही.

निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा अधिक संच एकमेकांना जोडल्यास पहिल्या संचाच्या तारेवर व अ‍ॅडॉप्टरवर अतिभार येतो. तडा गेलेली नळी चिकटपट्टीने झाकून पुन्हा वापरणे धोक्याचे असते, कारण आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. काही संचांत जलद उघडझापीचीही सोय असते. सेकंदाला सुमारे ३ ते ३० वेळा होणारी तीव्र उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तींमध्ये झटका आणू शकते. त्यामुळे सार्वजनिक जागी ही सोय टाळली जाते.

ऊर्जावापर आणि पर्यावरण

१० वॅटचा एक संच रोज ६ तास याप्रमाणे ३० दिवस चालल्यास १.८ युनिट वीज खर्च होते. तेवढ्याच काळात ७ वॅटच्या तंतूच्या २५ दिव्यांची माळ ३१.५ युनिट वीज घेते. एलईडी फारसे तापत नसल्याने झाडाला किंवा सुकलेल्या पानांना उष्णतेचा त्रास होत नाही. मात्र त्यामुळेच दिव्यांवर साचलेला खरा बर्फ वितळत नाही आणि जोरदार हिमवृष्टीनंतर कृत्रिम हिमवर्षाव खऱ्या बर्फाखाली झाकला जातो.

रात्रीच्या कृत्रिम प्रकाशाचा कीटक, पक्षी आणि इतर निशाचर प्राण्यांवर परिणाम होतो. निळा अंश अधिक असलेला थंड पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो व आकाश उजळ करतो. या कारणासाठी कालनियंत्रक बसवून दिवे ठरावीक वेळी बंद केले जातात. २०२२ मधील ऊर्जाटंचाईच्या काळात पॅरिसमधील शांझ एलिझे मार्गावरील नाताळची रोषणाई रात्री २ ऐवजी ११:४५ वाजता बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला होता.

मर्यादा

खरे हिमकण वाऱ्याबरोबर आडवे वाहतात, गिरक्या घेतात आणि एकमेकांना ओलांडून जातात. नळीतील प्रकाश केवळ एका रेषेत सरळ खाली येतो. म्हणून थोड्या नळ्यांचा परिणाम हिमवर्षावापेक्षा वितळून ठिबकणाऱ्या बर्फासारखा दिसतो. नळ्यांची संख्या, उंचीतील विविधता आणि अनियमित क्रम यांनी हा दोष कमी होतो, पण पूर्णतः जात नाही. नळ्या बंद असताना, विशेषतः दिवसा, प्लॅस्टिकच्या कांड्यांसारख्या दिसतात. नळी बहुधा कायमची बंद केलेली असल्याने आतील एखादा एलईडी बिघडल्यास तो बदलता येत नाही. सुट्या नळ्या मिळणारा व जोड उघडता येणारा संच यामुळे दीर्घकाळात स्वस्त पडतो.

भारतातील वापर

मुंबई, वसई व गोवा येथील नाताळाच्या सजावटीत कागदी वा प्लॅस्टिकची चांदणी आणि येशूजन्माचा गोठा यांना मानाचे स्थान आहे. या प्रदेशांत बर्फ पडत नाही. तरीही कापसाचा बर्फ आणि पांढरे दिवे यांच्या द्वारे नाताळाशी जोडलेले हिवाळी चित्र येथेही उभे केले जाते. हिमवर्षाव नळ्या येथे नाताळापुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. दिवाळी व लग्नसमारंभ यांच्या रोषणाईतही त्या झाडांवर व मांडवांवर लावल्या जातात.

येथील हवामानामुळे निवडीचे निकष काहीसे बदलतात. आंबा, वड यांसारखी सदाहरित झाडे दाट पानांची असल्याने नळ्या पर्णसंभाराच्या आत न बांधता बाहेरच्या फांद्यांवरून खाली सोडाव्या लागतात. नारळाच्या झाडावर झावळ्यांच्या टोकांपेक्षा बुंध्याजवळील भागातून नळ्या सोडल्यास त्या वाऱ्याने कमी हलतात. कोकण किनाऱ्यावरील खारट दमट हवेत धातूचे जोड लवकर गंजतात. डिसेंबरात पाऊस सहसा नसला, तरी तेच दिवे पुढे गणेशोत्सवात वापरायचे असतील, तर मुसळधार पावसाचा विचार करून आयपी६५ दर्जाचा संच व आडोशाला ठेवलेला अ‍ॅडॉप्टर आवश्यक ठरतो. शोभेच्या विद्युत माळांचा समावेश भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत आहे. त्यामुळे खरेदीच्या वेळी वेष्टनावरील मानक चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहता येतो.

हे सुद्धा पहा

नाताळ
नाताळवृक्ष
प्रकाश उत्सर्जक डायोड
आभासी गती
प्रकाश प्रदूषण
हिमवृष्टी